मांजर असेल

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर एक खुर्ची, खुर्चीवर रिमोट. मागे आडवी दोरी, दोरीवर सुकत घातलेले बोंबील. काकू, काका, सेक्रेटरी, वॉचमन ही सगळी माणसं एकटा कलाकारच वठवतो.)

विरार पश्चिमेला एक चार मजली सोसायटी आहे. लिफ्ट आहे, म्हणजे लिफ्टची जागा आहे. तिसऱ्या मजल्यावर काकू राहतात. माहेर अर्नाळ्याचं. हे त्या पहिल्या पाच मिनिटांत सांगतातच, कारण बाबुराव अर्नाळकरांच्या नावात त्यांचं गाव आहे. काळा पहाड, झुंजार, धनंजय-छोटू यांना जन्म देऊन हजारावर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस मूळचा चंद्रकांत सखाराम चव्हाण. काकू म्हणतात, "चव्हाण नावावर एवढे खून खपले असते का? अर्नाळ्याचं नाव लावलं म्हणून खपले!"

काकूंना खून फार आवडतात.

(पॉज. प्रेक्षकांकडे बघत) टीव्हीवरचे हो! तेही स्वच्छ. रक्त नको, किंकाळी नको. प्रेताने गालिच्यावर नीट पालथं पडावं आणि जाहिराती लागायच्या आत कुणीतरी चहाचं आधण ठेवावं. पोलिसाने चुकीच्या माणसाला धरावं, आणि लायब्ररीतल्या, नाहीतर शेजारच्या बाईने त्याला सोडवावं.

हे वेड जुनं. 1985 साली दूरदर्शनवर 'करमचंद' लागला. पंकज कपूर गाजर खात खुनी शोधायचे. काकू नव्याने लग्न होऊन आल्या होत्या. त्या आठवड्यात घरात तीन वेळा गाजराची कोशिंबीर झाली. मग 1993 मध्ये बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्षी' आला. रजित कपूर, धोतर, शांत आवाज. ब्योमकेशला डिटेक्टिव्ह म्हटलेलं खपत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. काकूंना हा शब्द सोन्यासारखा सापडला. त्याआधी लोक म्हणायचे, "तिसऱ्या मजल्याच्या काकू फार चौकशा करतात." त्यानंतर काकू सांगायला लागल्या, "चौकशा नाही हो. सत्यान्वेषण."

1998 पासून 'सीआयडी'. शिवाजी साटम आपले मराठी, म्हणून कौतुक. पण दयाने दरवाजा तोडला की काकू कळवळायच्या, "अरे, आधी बेल तर वाजव! सागवानाचा भाव माहितीये का?"

आता मुलीने मोबाइलवरून टीव्हीला काहीतरी जोडून दिलंय, त्यामुळे जगभरचे खून विरारला उतरतात. 'मर्डर, शी रोट' ही अँजेला लॅन्सबरींची मालिका 1984 ते 1996 चालली, 264 भाग. कॅबट कोव्ह नावाचं समुद्रकाठचं एवढंसं गाव. तिथे जेसिका फ्लेचर नावाच्या विधवा लेखिकाबाई कुठे जेवायला गेल्या की कुणीतरी मरतंच. काकूंना वेगळीच चिंता. "एवढी माणसं गेल्यावर उरलेल्यांना मेंटेनन्स किती पडत असेल?" आणि दुसरी शंका, "या बाईला लोक जेवायला बोलावतातच कशाला?" ऑरोरा टीगार्डनचे चित्रपट 2015 पासूनचे, ती ग्रंथपाल आणि तिच्या गावात जुन्या खुनांचा अभ्यास करणारं मंडळच आहे. काकूंनी महिला मंडळापुढे तसा प्रस्ताव ठेवला. मंडळाने हळदीकुंकू ठरवलं.

पण काकूंचं खरं दैवत मिस मार्पल. विणकाम करणारी म्हातारी. तिची पद्धत अशी की संशयित दिसला की तिला आपल्या गावातला तसाच कुणीतरी आठवतो, आणि गुन्हा उलगडतो. अगाथा ख्रिस्तींनी तिच्यात आपल्या आजीचा एक गुण घातला: प्रत्येकाबद्दल वाईटात वाईट शंका घ्यायची आणि ती बहुतेक वेळा खरी ठरायची. (हात जोडून) विरार लोकलच्या लेडीज डब्यात बावीस वर्षं मटार सोललेल्या बाईला ही पद्धत कुणी शिकवायला हवी का?

आणि म्हणे आपल्याकडे रहस्य नाही! आपल्या विरारशेजारच्या सोपाऱ्याचा स्तूप बघा. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा, आणि त्यात भिक्षापात्राचे तुकडे. काकू म्हणतात, "याला म्हणतात पटकथा. नाहीतर हल्लीचे, पहिल्या डब्यातच खुनी."

(दोरीकडे जातो.)

तर, जानेवारीतली गोष्ट. काकूंनी अर्नाळ्याहून बोंबील आणले आणि गच्चीत दोरीवर टाकले. बोंबील एकटा टांगत नाहीत. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. तीस जोड्या. दुसऱ्या दिवशी एकोणतीस. तिसऱ्या दिवशी अठ्ठावीस.

काकू खाली येऊन एवढंच म्हणाल्या, "अहो, गच्चीतून बोंबील जातायत."

काकांनी पेपरमधून डोकंही वर केलं नाही. "मांजर असेल. दोन-चार बोंबलांसाठी काय जीव काढतेस?"

काका रिटायर्ड. विरार-चर्चगेट अडतीस वर्षं. आता ब्लडप्रेशर, म्हणून डॉक्टरांनी पापड, लोणचं, सुकी मासळी बंद केलीय आणि रात्री जेवणानंतर फेरी मारायला सांगितलीय. फेरी मात्र काका एकदाही चुकवत नाहीत.

संशयित तीन. एक, सेक्रेटरी, "गच्चीत मासळी सुकवू नये" ही पाटी त्यांच्याच अक्षरात. दोन, वॉचमन, शुद्ध शाकाहारी, पण त्याच्या शेकोटीशेजारी काकूंना काटे सापडले. तीन, मांजर.

काकूंना रजनी पंडित आठवल्या. टीव्हीतली नव्हे, खरी मराठी गुप्तहेर. रुपारेलला मराठी साहित्य शिकलेल्या, वडील सीआयडीत. एका खुनासाठी सहा महिने मोलकरीण होऊन राहिल्या आणि बाहेर पडायला सबब हवी म्हणून स्वतःच्या पायावर सुरी पाडली. काकूंनी स्वयंपाकघरात बघितलं. सुरी नव्हती, विळी होती. बेत रद्द.

मग त्या गच्चीत गेल्या आणि दोरी नीट बघितली. (वाकून, एकेका जोडीवर बोट ठेवत) दोन जोड्या गेल्या, पण मधे खिंडार कुठेच नाही! उरलेल्या सगळ्या थोड्या थोड्या सरकवून सारख्या अंतरावर बसवलेल्या. मांजर असं करतं? कावळा करतो? हे काम त्याचं, ज्याने जन्मभर तिघांच्या बाकावर चौथा बसवलाय. "जरा सरका, जरा सरका..."

पण विरारमध्ये असे लाखभर.

आणि जिन्यात काकू थबकल्या. "दोन-चार बोंबील... आकडा मी सांगितलाच नव्हता."

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग. काकूंनी सगळ्यांना गोल बसवलं, ख्रिस्तींच्याच डिटेक्टिव्ह पॉयरोसारखं. चहा फिरला. वॉचमन छताकडे बघतोय. काका चपलेकडे.

"चोर सापडला," काकू म्हणाल्या. काकांचा कप बशीत वाजला. "मांजर होतं."

सेक्रेटरी म्हणाले, "कुठलं मांजर? मी तर कधी पाहिलं नाही."

"बोका आहे. पांढऱ्या मिशांचा. जेवण झालं की फेरी मारतो."

काकांचा हात मिशीवर गेला.

घरी आल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका हळूच म्हणाले, "बोंबलाला मीठ लावतंच कोण गं? नुसत्या उन्हात तर सुकतो."

काकूंनी रिमोट त्यांच्या हातात दिला.

"आज कुठला लावू?"

"ज्यात शेवटी नवरा सापडतो तो."

"सगळ्यांत तोच सापडतो."

(रिमोट दाबतो. अंधार. दोरीच्या दिशेने काकूंचा आवाज: "पंचवीस... सव्वीस... सत्तावीस... अहो!")