वर्गात पॉडकास्ट लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

(इंग्लंडमध्ये शिकवणाऱ्या तमाम मराठी शिक्षकांसाठी. त्यातही विशेषतः एकासाठी, जे आमच्याच घरी राहतात.)

प्रथम पात्रता. पॉडकास्ट लावणारा शिक्षक निर्व्यसनी असावा, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकण्याचं व्यसन नसावं. आमचे हे इतिहास शिकवतात. त्यांच्याच वर्गात मी सहायक म्हणून मागच्या बाकावर बसते, त्यामुळे पुढचे सगळे नियम प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले आहेत.

शाळा शक्यतो मिडल स्कूल असावी. ही जात आता दुर्मीळ आहे. १९६८ मध्ये यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमध्ये अशा शाळा सुरू झाल्या, पुढे शेकड्यांनी निघाल्या आणि आता वूस्टरशर, नॉर्थम्बरलंड अशा मोजक्या भागांत उरल्यात. नऊ ते तेरा वर्षांची मुलं. यांना गोष्ट हवी असते, पण आपल्याला ती हवी आहे हे शेजारच्याला कळता कामा नये, म्हणून ती जांभई देत ऐकतात. जांभईला घाबरू नये.

नियम पहिला : लावायचा भाग आदल्या दिवशी स्वतः ऐकावा. पूर्ण. शेवटपर्यंत. पहिली दहा मिनिटं ऐकून ‘उत्तम आहे’ म्हणणाऱ्यांना अकराव्या मिनिटाला विनोदी पाहुणा काय बोलतो याची कल्पना नसते. इतिहासकार ग्रेग जेनर यांचा ‘यू आर डेड टू मी’ हा पॉडकास्ट मोठ्यांसाठी आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या मुलांसाठी त्यांनीच ‘होमस्कूल हिस्ट्री’ केला. आवाज दोन्हीकडे तोच. गफलत झाली तर मुलं खूश होतात, पालक होत नाहीत.

मेल्व्हिन ब्रॅग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला ‘इन अवर टाइम’ वर्गात लावू नये. पाऊण तास प्राध्यापकांची चर्चा. यांना तो फार आवडतो, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

नियम दुसरा : चार-पाच मिनिटांचाच तुकडा घ्यावा आणि तो दोनदा लावावा. पहिल्यांदा नुसतं ऐकू द्यावं, वही बंद. दुसऱ्यांदा लावण्याआधी एकच प्रश्न फळ्यावर लिहावा. प्रश्न सनावळीचा नको. १३४८ मध्ये प्लेग डॉर्सेटच्या किनाऱ्यावर उतरला, हे पुस्तकातही आहे. ‘लोक प्लेगचा दोष कुणाकुणाला देत होते?’ असं विचारावं. मग बघा, जांभया बंद. विशेषनामं आधीच फळ्यावर लिहून ठेवावीत. ज्यांच्या घरी पोलिश, पंजाबी किंवा मराठी बोलतात आणि ज्यांच्या कानाला यंत्र आहे, त्यांच्या हातात छापील संहिता द्यावी. आम्ही ती सगळ्यांनाच देतो, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही.

नियम तिसरा : थांबवू नये.

हा नियम मोठ्या अक्षरांत छापून टेबलावर चिकटवावा. पॉडकास्टला विरामाचं बटण असतं, आणि काही पुरुषांना ते दिसलं की आपल्या जन्माचं प्रयोजन सापडतं. लंडनमध्ये प्रेतं पुरायला जागा उरलेली नाही, निवेदकाचा आवाज खाली आलाय, अख्खा वर्ग पुढे झुकलाय, आणि टक्! ‘तर मुलांनो, आता इथे काय झालं?’ काय झालं ते निवेदक सांगतच होता हो! मग पिसवांवर दोन मिनिटं, उंदरांवर तीन, आणि तिथून थेट १८९७ च्या प्लेगचं पुणं, रँडसाहेब आणि चापेकर बंधू. हे सगळं खरं आहे, महत्त्वाचंही आहे, आणि मी ते आमच्या लग्नापासून ऐकत आलेय. पुन्हा बटण दाबेपर्यंत लंडनकर मेलेले असतात आणि वर्गही.

घरीही हेच. बीबीसी मराठीचा ‘तीन गोष्टी’ हा पॉडकास्ट आमच्या स्वयंपाकघरात लागला की पोळ्या होईपर्यंत तेरा गोष्टी होतात.

वास्तविक ऐकून शिकणं इथे नवं नाही. बीबीसीनं १९२४ मध्येच शाळांसाठी रेडिओवर कार्यक्रम सुरू केले. पहिल्यात संगीतकार वॉलफर्ड डेव्हिस बोलले. तेव्हाच्या मास्तरांना रेडिओ थांबवता येत नसे. केवढी सोय होती!

नियम चौथा : फोन वापरू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळेच्या वेळेत मुलांच्या हाती फोन नको असा सरकारी सल्ला आला. शिक्षकानंही वर्गाच्या संगणकावरूनच ऐकवावं.

नियम पाचवा : शेवटी मुलांना स्वतःचा पॉडकास्ट करू द्यावा. स्कॉटलंडच्या मसलबरा ग्रामर स्कूलची मुलं २००५ मध्येच हे करत होती. ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओ लागत नाही. कोट टांगायची खोली गाठावी. ओल्या कोटांचा वास येतो, पण इतक्या कापडात आवाज घुमत नाही. मिनिटाला साधारण दीडशे शब्द धरावेत, म्हणजे तीन मिनिटांना साडेचारशे. आडनावं घेऊ नयेत. बाहेर कुठे ऐकवायचं असेल तर पालकांची लेखी परवानगी आधी घ्यावी. काटछाट मुलांनीच करावी.

आमच्या वर्गानं प्लेगवर असा एक भाग केला. एकजण उंदीर झाला होता आणि त्याची बाजू त्यानं फारच जोरात मांडली. जी मुलगी वर्षभर वर्गात हळू आवाजात ‘माहीत नाही’ एवढंच म्हणायची, ती कोटांमध्ये तोंड खुपसून तीन मिनिटं धर्मगुरू होऊन बोलली. यांनी डोळे पुसले. मग प्रस्तावना केली, चार मिनिटांची, कारण त्यांना म्हणे राहवलं नाही. मुलांनी काटछाट करताना त्यातला ‘हॅलो’ ठेवला.

यांनी ते ऐकलं, मान डोलावली आणि काटछाट उत्तम झाली असा शेरा दिला. सध्या पुढच्या भागाची प्रस्तावना लिहिताहेत. दहावं पान चालू आहे.