केडगावचा मार्का

आपलं पोरगं मुंबईत रेसकोर्सवर लागलंय, ही बातमी पेंटरमामांनी केडगावच्या देवीच्या देवळापर्यंत पोचवली. त्यामुळे पोराच्या आईला दोन दिवस लोक विचारत होते, “किती हरला?” खरी गोष्ट अशी, की 2023पासून दर नोव्हेंबरात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ नावाचा चित्रांचा बाजार भरतो, आणि तिथल्या एका गॅलरीने नव्या कलाकारांच्या एकत्र प्रदर्शनात त्याचं काम मांडलं होतं. पोरानं अक्षर गिरवलं ते मामांच्या हाताखाली. तेव्हा मामा निघाले, आणि सोबतीला मी.

एसटीत मामांनी खिडकी धरली. सुप्यापासून रांजणगावपर्यंत एकही फ्लेक्स त्यांनी सोडला नाही. “‘हार्दिक’चा रफार बघ, शेजारच्याच्या घरात गेलाय. अन् ह्यो भावी आमदार! कान कापलाय त्याचा.” फ्लेक्सनं मामांचा धंदा बसवला, त्याचं उट्टं ते असं किलोमीटरच्या हिशेबानं काढत होते.

महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून धोबीघाट दिसला. रांगेनं वाळणाऱ्या चादरी मामांनी डोळे बारीक करून पाहिल्या. “मांडणी झकास. तिकीट कुठं काढायचं?”

आत मात्र मामा गप्प झाले. पांढऱ्या भिंती, हळू बोलणारी माणसं, आणि चित्राशेजारी चित्रापेक्षा लांब इंग्रजी मजकूर. तो वाचून लोक मान हलवत. चित्राकडे बघायला वेळ उरला तर बघत. मामांना फक्त हुसेनची ओळख. “आमच्या लायनीतला माणूस. सिनेमाचे बोर्ड रंगवायचा, चौरस फुटावर.” मी सांगितलं, की 1954 साली नॉर्वेच्या एका डॉक्टरनं 1,400 रुपयांना घेतलेलं हुसेनचं ‘ग्रामयात्रा’ 2025च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 118 कोटींना गेलं. जवळजवळ चौदा फूट लांब, तीन फूट उंच. मामांनी बोटांवर हिशेब मांडला. “फुटाला पावणेतीन कोटींच्या वर! रंग कंपनीचा का आपला?”

पोराचं काम कोपऱ्यात होतं. नेप्तीच्या कांदा मार्केटमधली जुनी बारदानं उसवून, एकमेकांना शिवून छतापासून सोडलेली. मधेमधे कांद्याच्या पट्ट्या टाचलेल्या. खाली नाव: ‘शीर्षकहीन 4’. तागाची साडी नेसलेल्या एका बाईंनी, तोच ताग इथं टांगलेला बघून, मामांना हळूच विचारलं, “हे डाग म्हणजे शेतकऱ्याचं दुःख का?”

“नाही हो. माल भिजला होता.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

तेवढ्यात मामांना शेजारच्या पाटीवर लाल टिकली दिसली. कुणीतरी घाण केली म्हणून त्यांनी ती नखानं खरवडायला घेतली. गॅलरीतली मुलगी धावत आली. टिकली म्हणजे काम विकलं गेल्याची खूण, हे कळल्यावर मामांनी ती थुंकी लावून पुन्हा चिकटवली आणि पोराला बाजूला घेतलं. “सही कुठाय? कोपऱ्यात नाव पाहिजे, खाली मोबाईल नंबर. उद्या गिऱ्हाइकानं शोधायचं कुठं?”

पोरगं लाजलं. “मामा, सही आहे. पण तुमची आहे.”

मामा पुढं वाकले. बारदानावर अडत्याचा निळा मार्का होता: त्रिशूळ, आणि खाली गोलाईत दोन अक्षरं. छापा मामांनीच पत्र्यातून कापलेला. ‘श्री’ची वेलांटी जरा जास्तच आत वळलेली, ती अख्ख्या नगर तालुक्यात दुसरं कुणी काढत नाही.

त्यानंतर मामा तिथून हललेच नाहीत. आलेल्या प्रत्येकाला बारदान, सुतळी, दाभण, निळीचा दर सगळं समजावू लागले. पोरगं खुर्चीवर बसून राहिलं. संध्याकाळी जाड चौकटीचा चष्मा लावलेले एक गृहस्थ बराच वेळ ऐकून म्हणाले, “फारच इंटरेस्टिंग. तुमची प्रॅक्टिस काय आहे?”

“सकाळी नऊ ते सहा,” मामा म्हणाले. “अमावास्येला बंद.” आणि खिशातून कार्ड काढून दिलं: दुकानाचे बोर्ड, नंबरप्लेट, लग्नाच्या भिंती.