किल्ली काकूंकडे

बेंगळुरूतले माझे घरमालक माझ्या डोक्यावर राहतात. म्हणजे त्यांचा मजला वरचा आहे. मी नळ जरा जास्त वेळ सोडला की जिन्यात चपला वाजतात. भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी विनंती, मग पाहणी आणि शेवटी 'चिकटपट्टी लावा' असा निकाल. इथल्या जुन्या रीतीप्रमाणे दहा महिन्यांचं भाडं त्यांच्याकडे अनामत पडून आहे, त्यामुळे मी जिना चढतानासुद्धा पाय हळू टाकतो. एवढा रुबाब रोज डोळ्यांसमोर असल्यावर कुणालाही वाटेल, आपणही कुठेतरी मालक व्हावं. बेंगळुरूत ते परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पालीत झालो.

आईची श्रद्धा आणि माझं गणित यांचं आयुष्यात एकदाच एकमत झालं, ते पालीवर. आईला बल्लाळेश्वर हवा होता आणि मला भाडं. तालुक्याचं गाव, म्हणजे शिक्षक, बँकवाले, तहसीलवाले बदलून येतच राहणार. घर दाखवणाऱ्या एजंटने तर रायगड जिल्ह्याचं सगळं भविष्य एका दमात सांगितलं. खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका 2013 पासून आहेच. नवी मुंबईचा विमानतळ येतोय (तो 2025 साली खरंच आला). गोवा महामार्ग चौपदरी झालाच समजा. या शेवटच्या कामाला 2011 साली सुरुवात झाली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते.

घर कौलारू. पुढे ओटी, मध्ये माजघर, एका अंगाला पडवी, मागे न्हाणी. छपराचा निम्मा भाग जुना काळपट आणि निम्मा लालभडक. जून 2020 मध्ये 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडावरून गेलं तेव्हा जेवढी कौलं उडाली तेवढी जुन्या मालकांनी नवीन घातली होती. "उडायचं तेवढं उडालं, आता राहिलंय ते पक्कं," असं ते म्हणाले. या तर्कात मला तेव्हा काही खोट दिसली नाही. शिवाय कौलं मंगलोरी. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली मंगळुरात कारखाना काढला आणि त्या धर्तीची कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. मी कर्नाटकात राहणार, कर्नाटकाच्या नावाची कौलं पालीत राहणार, म्हणजे हा फक्त अदलाबदलीचा व्यवहार आहे असं मी स्वतःला समजावलं.

बेंगळुरूत वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तेवढ्यात शहर बुडतं. रायगडात तो तीन हजारांच्या आगेमागे पडतो. पालीत पाऊस वरून येतो, आडवा येतो आणि कधी अंबा नदीतून वर चढूनही येतो. पुलावर पाणी आलं की वाकणची वाट बंद. 1989 च्या जुलैत याच नदीने वरच्या बाजूला जांभूळपाड्यात जो आकांत मांडला, त्याबद्दल इथली जुनी माणसं अजून आवाज खाली आणून बोलतात. म्हणून पालीत पावसाची चेष्टा करायची नाही, हे मी शिकलो. छपराची करायला हरकत नाही.

पहिल्याच आषाढात मिस्त्रींचा फोन आला.

"शेट, वासा गेला."

"कुठे गेला?"

"वालवीन खाल्ला."

मी म्हटलं, बदला. त्यावर मिस्त्री म्हणाले की वासा बदलायचा तर रीपा काढाव्या लागतील, रीपा काढायच्या तर कौलं उतरवावी लागतील, आणि कौलं उतरवलीच तर त्यांतली किती परत चढतील हे देवाच्या हातात. मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं, ज्याच्यावर महाराष्ट्रातला सगळा बांधकाम व्यवसाय उभा आहे: "आता उघाडलाच हाय, तर करून घेऊ." उघडल्यावर आढं निघालं, आढ्यापाठोपाठ भिंतीचा वरचा थर निघाला. एका वाशाच्या पोटात एवढं घर असतं याची मला कल्पना नव्हती.

कामावर देखरेख मी व्हिडिओ कॉलवरून केली. त्यात मला प्रामुख्याने मिस्त्रींचा अंगठा दिसला. अंगठा बाजूला झाला की आकाश दिसायचं. मी विचारलं, "छप्पर दाखवा ना." ते म्हणाले, "त्योच दाखवतोय."

लांबून काम करून घेणं मुळात अशक्य आहे असं म्हणावं, तर पालीतच त्याविरुद्ध पुरावा उभा आहे. बल्लाळेश्वराचं देऊळ आधी लाकडी होतं, पुढे फडणीसांनी ते दगडी करवलं, असं गावात सांगतात. दगडांच्या सांध्यांत शिसं ओतलेलं. वसईच्या 1739 च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे आहे. पेशव्यांचे फडणीस पुण्यात, मध्ये सह्याद्री, हातात फक्त पत्रं आणि जासूद. तरीही देऊळ गळत नाही. मी हे मिस्त्रींना जरा टोचूनच ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्यानी शिशाचं पैशे आगाऊ दिलं असतील ना, शेट?" मी लगेच रक्कम पाठवली.

छप्पर शेवटी बंद झालं. मग वानरं आली. सरसगडाच्या उतारावरून काळ्या तोंडाची टोळी सकाळी खाली उतरते आणि छपरांवरून गावभर फिरते. कौल उचलून खाली काय आहे ते बघण्याची त्यांना दांडगी जिज्ञासा. आजवर माझ्या घराची सर्वांत कसून पाहणी त्यांनीच केली आहे. मिस्त्रींचं म्हणणं पत्रे घाला. शेजारच्या काकूंचं म्हणणं, पत्र्यावर वानरं जास्त खूश, नाचल्याचा आवाज येतो.

या काकूंबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण किल्ली त्यांच्याकडे असते. खरेदीखतावर माझं नाव आहे, घरपट्टी मी भरतो, पण दार उघडायचं की नाही हे काकू ठरवतात. एका खोलीला मी माझं म्हणून कुलूप लावून ठेवलं होतं. माघी चतुर्थीच्या जत्रेला काकूंचे पेणचे पाहुणे तिथे उतरले. मला कळलं कारण त्यांतल्या एका आजींनी माझा नंबर मिळवून पंखा हळू फिरतो अशी तक्रार केली. उन्हाळ्यात अंगणात पोह्याचे पापड आणि मिरगुंडं वाळतात. त्या महिन्यात भाडेकरूंना मागच्या दाराने ये-जा करावी लागते, आणि ते मुकाट्याने करतातही. जूनमध्ये बेंगळुरूला पापडांचं पार्सल येतं. त्याला मी भाडं समजायचं की उपकार, हे काकूंनी कधी स्पष्ट केलेलं नाही. परवानगी हा विषय निघालाच तर त्या म्हणतात, "बंद घराला वाळवी लागते हो." माझ्या वाशाचा पूर्वेतिहास पाहता यावर बोलायला मला तोंड नाही.

भाडेकरू मात्र रीतसर शोधलेला: जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर. माझी समजूत अशी की अकरा महिन्यांचा करार कागदावर केला की झालं. मास्तरांनी मला नम्रपणे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा समजावला. कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाद झालाच तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं. "तसं माझं काही म्हणणं नाही," मास्तर म्हणाले, "पण तुम्हाला त्रास नको." मग ऑनलाइन नोंदणी केली. माझा अंगठा यंत्राला पटेना. पालीत मिस्त्रींचा अंगठा नको तिथे उमटायचा आणि इथे माझा हवा तिथे उमटत नव्हता.

आयकर खात्याचा मात्र या घरावर गाढ विश्वास आहे. घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्याच्या 30 टक्के रक्कम ते सरसकट सोडून देतं, दुरुस्ती वगैरेसाठी. खर्च केला का, किती केला, काही विचारत नाही. ज्याने कुणी तो आकडा ठरवला तो माणूस थोर असेल, पण त्याचं घर कौलारू नसणार. माझं भाडं पाच आकडी नाही, एवढंच सांगतो. मिस्त्रींचं बिल आहे.

दोन वर्षांत मास्तर माझ्या घराचे एवढे जाणकार झाले की मीच त्यांना विचारून निर्णय घेऊ लागलो. मीटर बदलला तेव्हा विजेच्या कार्यालयात तेच गेले, पन्हळ तर त्यांनी परस्पर बदलली. नगरपंचायतीचा माणूस आला की काकू त्याला मास्तरांकडे पाठवतात. बेंगळुरूच्या मालकांना मी हे कौतुकाने सांगितलं. "भाडेकरू तुमच्या परवानगीशिवाय पन्हळ बदलतो?" म्हणून त्यांनी डोळे मोठे केले आणि त्या संध्याकाळी माझ्या गॅलरीत एक फेरी मारून गेले.

आता मास्तरांची बदली झाली आहे. मला पुन्हा जाहिरात, एजंट, पालीची वारी असं सगळं डोळ्यांसमोर आलं. पण त्यांनी शाळेतल्याच एका नव्या गुरुजींना घर दाखवून टाकलं होतं. काकूंनी मुलाखत घेतली, मिस्त्रींनी छपराची हमी दिली (ही हमी मला कधीही मिळालेली नाही), भाडं ठरलं आणि मग मला कळवण्यात आलं. मी मास्तरांना फोन करून आभार मानले आणि विचारलं, नव्या गुरुजींनी माझ्याबद्दल काही चौकशी केली का.

"केली ना," मास्तर म्हणाले. "मालक कसे आहेत म्हणून विचारलं. मी म्हटलं, एकदम चांगले. येत नाहीत."