मिनिटाला 21 थेंब

मोवाड, जलालखेडा, बेलोना, सावरगाव... नरखेड तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या, एखादी पोरगी नागपूरला जीएनएम नर्सिंगला असतेच. सुट्टीत घरी आली की तिची खूण मनगटावर सापडते: सेकंदकाट्याचं घड्याळ. "मोबाइल हाये ना, मंग घड्याळ कायले?" असं आजी विचारते. पण ते वेळ बघायला नसतंच, सलाइनचे थेंब मोजायला असतं.

दहावीनंतर गणिताचं तोंड पाहायचं नाही, या बोलीवर ती नर्सिंगला आलेली असते. आणि एके दिवशी फळ्यावर सूत्र येतं: एकूण मिली गुणिले ड्रॉप फॅक्टर, भागिले मिनिटं. साध्या सेटला एक मिलीचे 20 थेंब, मायक्रो सेटला 60. म्हणजे 500 मिलीची बाटली 8 तासांत द्यायची, तर 10,000 भागिले 480. उत्तर 20.83. आता हा पॉइंट त्र्याऐंशी थेंब सोडायचा कसा? ट्यूटर म्हणतात, 21 धर. बाकीच्या पोरी 15 सेकंद मोजून चारने गुणतात. पण मग वाट्याला सव्वापाच थेंब येतात, आणि तो पाव थेंब हिला छळतो. म्हणून ही आपली पूर्ण मिनिटभर मान वर करून उभी.

मग एका रात्री होस्टेलवर शोध लागतो, की मायक्रो सेटला 60 ने 60 उडतो आणि तासाला जितके मिली, तितकेच मिनिटाला थेंब! त्या दिवशी मेसचं वरणसुद्धा तिला गोड लागतं.

वॉर्डात मात्र सूत्राला कुणी विचारत नाही. 21 थेंब लावून ती नोंद करायला वळते न वळते, तोच पेशंट कोपर दुमडतो आणि थेंब थांबतात. तो उठून बसला, की वेग पुन्हा बदलतो. बाटली सुईपेक्षा किती उंच, यावर सारा खेळ. त्यात नातेवाईक. शेवटची एसटी गाठायची असलेले एखादे काका नळीच्या रोलरवर अंगठा फिरवतात आणि वर सांगतात, "लय हळू होती सिस्टर, मीच वाढवून देल्ली." हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्याला बाटली अशी भरभर गेली तर फुप्फुसात पाणी साचतं, धाप लागते. हे काकांना सुनावताना तिचा आवाज पहिल्यांदा खऱ्या सिस्टरसारखा निघतो.

गावात वेगळीच पंचाईत. अंगात कणकण आली, हातपाय गळाले, की लाव सलाइन! ती हिशेब मांडते: 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीत 25 ग्रॅम साखर, नॉर्मल सलाइनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. एवढं तर घरच्या डब्यातही आहे. तोंडाने पाणी पिता येत असेल तर ओआरएस पुरतं. मग हुकमी किस्सा. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आणलं.

आजी सगळं ऐकून घेते. "थो डाक्टर बराबरच असन माय. पण बाटली लावली, का चार लोकं भेटाले येतात."

यावर ओआरएसकडे उत्तर नाही.

बाबांना मात्र तिचं शिक्षण कामाचं वाटतं. संत्र्याच्या बागेत ठिबक आहे, झाडाला दोन ड्रिपर, प्रत्येकी तासाला 8 लिटरचे. भर मे महिन्यात झाडाला 120 लिटर द्यायचं, तर मोटर किती वेळ चालवायची?

"साडेसात तास," ती कागद न घेता सांगते.

"अन् मधातच लाइन गेली तं?"

"सोपं आहे बाबा. राहिलेलं पाणी भागिले राहिलेला वेळ, वेग नव्यानं काढायचा. वॉर्डात आम्ही तेच करतो."

"राहिलेला वेळ किती, थे वायरमनले विचारून ये मंग."