टिंबांचा धनी

क्रिकेटच्या दंडसंहितेत हल्ली एक नवं कलम घुसलं आहे: कसोटीत चेंडू खाणे. आरोपी नेहमीचाच. प्रत्येक देशाच्या संघात असा एक असतो, त्यामुळे नाव घ्यायची गरज नाही. सलामीला जातो, ऑफस्टंपबाहेरचे चेंडू जाऊ देतो आणि उपाहाराला नाबाद बावीसवर परततो. वर्षानुवर्षं हेच करून तो निवृत्त झाला, की घट्ट कोटातली पाच माणसं स्टुडिओत बसून त्याची कारकीर्द पडद्यावर उघडतात. सामने, धावा, शतकं यांवरून नजरा भराभर घसरतात आणि शेवटच्या रकान्याशी थबकतात. स्ट्राइक रेट चाळिसाच्या आत! पाचही जण असे गप्प होतात, जणू गृहस्थाच्या घरात बेहिशेबी रोकड सापडली.

हिशेबच करायचा तर करू. वीस षटकांच्या सामन्यात एका संघाला १२० चेंडू आणि दहा गडी, म्हणजे गड्यामागे १२ चेंडू. पन्नास षटकांत ३०. कसोटीचे पाच दिवस, दिवसाला ९० षटकं धरली तर २,७०० चेंडू आणि दोन्ही संघांचे मिळून ४० गडी, भागाकार ६७.५. वीस षटकांत चेंडू दुर्मीळ आणि गडी मुबलक, म्हणून तिथे चेंडू वाया घालवणं पाप. कसोटीत नेमकं उलटं, चेंडूंचा सुकाळ आणि गड्यांची टंचाई. मुबलक ते खर्चून दुर्मीळ ते राखणाऱ्याला इतर कुठल्याही धंद्यात हुशार म्हणतात, इथे कंटाळवाणा म्हणतात. पहिली कसोटी १८७७ सालची, पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना १९७१ सालचा. मधल्या काळातल्या कितीतरी धावफलकांत कोण किती चेंडू खेळला याची नोंदच नाही, आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नाही. १९३९ मध्ये डर्बनला तर वेळेची मर्यादाच नसलेली कसोटी दहा दिवस लांबली आणि पाहुण्यांची बोट सुटेल म्हणून अनिर्णित सोडावी लागली. आजचं पॅनेल असतं तर बोटीच्या वेळापत्रकाचं खापरही सलामीवीरावरच फोडलं असतं.

खरी ग्यानबाची मेख आहे ती टिंबात. चेंडूवर धाव निघाली नाही की गुणलेखक वहीत टिंब देतो. फलंदाज साफ चकला, चेंडू यष्टीवरून केसभर अंतराने गेला, तरी टिंब. तोच चेंडू कुठे पडणार, किती वळणार हे ओळखून त्याने बॅट वर घेतली आणि शांतपणे सोडला, तरी टिंब. नशीब आणि अक्कल यांना एकच खूण! अशी सहा टिंबं झाली की गुणलेखक ती रेघांनी जोडून इंग्रजी ‘एम’ काढतो. झालं निर्धाव षटक. हा ‘एम’ जमा कोणाच्या खात्यात? गोलंदाजाच्या. आकृती पूर्ण करायला ज्याने तितकीच मेहनत घेतली, त्याच्या नावावर सहा चेंडूंचं कर्ज. तीच सहा टिंबं टाकणारा ‘शिस्तबद्ध’ आणि खेळून काढणारा ‘अडकलेला’. शिस्त काय फक्त चेंडू हातात असणाऱ्यालाच असते? आणि त्या टिंबांनी होतं काय, तेही बघा. चेंडूची लकाकी जाते, शिवण मऊ पडते, सकाळी गुरगुरणारा वेगवान गोलंदाज तिसऱ्या स्पेलला कमरेवर हात ठेवून उभा राहतो, आणि नवा चेंडू ८० षटकं झाल्याशिवाय मिळत नाही. अशा वेळी, पन्नासाव्या षटकाच्या सुमाराला, सहाव्या क्रमांकाचे बहाद्दर अवतरतात, दमलेल्या फिरकीला दोन षटकार ठोकतात आणि सामना फिरवल्याची पावती घेऊन जातात. पहाटे उठून बंबात लाकडं सारायची एकाने आणि कढत पाण्याने आंघोळ करून ताजंतवानं मिरवायचं दुसऱ्याने! बरं, मिरवा. पण धुराने डोळे लाल झालेल्याला ‘तू आळशी’ म्हणायचं, हा कुठला न्याय?

आक्षेप येतो की संथ खेळाने सामने अनिर्णित राहतात. राहतात, कधीकधी. तिसऱ्या डावात भली मोठी आघाडी आहे, डाव घोषित करायची वेळ झाली आहे आणि तरी हा टुकूटुकू खेळत बसला, तर त्याला खुशाल शिव्या घाला, मीही दोन घालीन. पण पहिल्या सकाळी हिरव्या खेळपट्टीवर खेळलेल्या तासाला तोच मापदंड लावणं म्हणजे निव्वळ आडमुठेपणा. दुसरा आक्षेप जास्त आधुनिक आहे: काळ बदलला, आता कसोट्या साडेतीन दिवसांतही संपतात. अहो, मग दीड दिवस उरतो की! वाचवलेला हा वेळ ठेवलाय कुठे? पाचव्या दिवसाचं तिकीट काढलेल्याने तो कोणत्या खिडकीवर मागायचा? वेळ कमी पडतो म्हणून घाई करायची आणि घाईपायी वेळ उरला म्हणून त्या घाईची आरती करायची, हे तर्कशास्त्र मला मरेपर्यंत कळणार नाही. चीड आणखी एका गोष्टीची येते. हे तर्कशास्त्र आता पोरांपर्यंत पोचलं आहे. ज्या मुंबईच्या मैदानांनी खडूस फलंदाजीवर पिढ्या पोसल्या, तिथल्या उन्हाळी शिबिरांत नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवसापासून पाय बाजूला घेऊन मिडविकेटवरून उचलायला शिकवतात. चेंडू सोडायला शिकवणारा मास्तर दुप्पट फी देऊनही मिळणार नाही. आईबापांनाही नकोच असतो. सोडलेल्या चेंडूचा व्हिडिओ कोण बघणार?

मग पाचवा दिवस उजाडतो, चहापानाला सहा बाद होतात, आणि तीच पाच माणसं कोटाची बटणं सैल करून सांगू लागतात, ‘आता कोणीतरी फक्त उभं राहायला हवं.’ उभं राहणाऱ्याला आपणच घरी पाठवलं, हे त्यांच्यातल्या एकालाही आठवत नाही. तो तिथेच, शहरातच असतो. त्याला निदान स्टुडिओत तरी बोलवावं, तर म्हणे बोलण्याचा वेग फार कमी आहे.