नाना, हलू नका

गोंधळ्याला ‘हलू नका’ म्हणणारा माणूस माझ्याआधी महाराष्ट्रात कुणी होऊन गेला असेल असं वाटत नाही. मी म्हणालो. एकदा नाही, चारदा. नानांनी संबळावरच्या काड्या क्षणभर वर धरल्या, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हलायचं न्हाई, मग वाजवायचं कशानं?” उत्तराची वाट न बघता ते पुन्हा कामाला लागले.

नाना बार्शी तालुक्यातल्या एका गावचे गोंधळी. पासष्टी उलटलेली. बार्शीत कॅन्सरचं रुग्णालय आहे, तिथे आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं येतात. पेशंटला खाट मिळते. सोबत आलेले दोघं-तिघं बोचकं उशाला घेऊन व्हरांड्यात पडतात. त्यांच्यासाठी गावातली चार मंडळी भाकरी-पिठलं पोचवतात. नाना गोंधळ झाला की स्वतःची दक्षिणा खिशात घालतात आणि मग एक दुसरा डबा पुढे सरकवतात. तो या भाकरीचा.

भाकरीचा हिशेब ठेवणारा माझा मित्र. तो म्हणाला, “फ्लेक्सला फोटो हवाय. एवढा महागाचा कॅमेरा घेतलास आणि उजनीवर जाऊन रोहित पक्षी काढतोस. एकदा माणूस काढ.” निघताना वर एक सूचना : “चेहऱ्यावर जरा करुण भाव असू दे.” मदतीच्या फ्लेक्सवर घेणारा केविलवाणा आणि देणारा संत दिसलाच पाहिजे, असा आपल्याकडे अलिखित कायदा आहे. मला तो कधी पटला नाही, पण कॅमेरेवाल्याला विचारतो कोण!

पहिला प्रयत्न दिवसाउजेडी, नानांच्या अंगणात. घोळदार झगा, कपाळावर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. बघत राहावं असं रूप. मी कॅमेरा डोळ्याला लावला मात्र, नाना ताठ झाले. हात मांड्यांना चिकटले, हनुवटी वर गेली, श्वास आत कोंडला. आधार कार्डाच्या वेळी हेच शिकवलं होतं म्हणाले. “नाना, सहज राहा,” मी म्हणालो. ही आज्ञा आजवर कुणालाही पाळता आलेली नाही. “आजोबा, हसा की,” नात म्हणाली. तेव्हा नाना दाढ ठणकत असल्यासारखे हसले. रोहित पक्षी बिचारा एका पायावर निवांत उभा राहतो. तो कधी माझ्याकडे बघून छाती काढत नाही.

म्हणून रात्री लग्नघरच्या गोंधळाला गेलो. पाटावर नवं कापड, त्यावर धान्याचा चौक, मधोमध कलश, भोवती विड्याची पानं. बाजूला दिवटी. नानांनी आवतणं द्यायला सुरुवात केली. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, सगळ्यांनी गोंधळाला यायचं. सगळे देव आले, उजेड तेवढा आला नाही. दिवटी आणि मांडवाच्या कोपऱ्यातला एक पिवळा बल्ब. आयएसओ ३२०० वर नेला, शटर एक तीसांश सेकंदावर आणलं. एवढ्या वेळात नानांची वाकड्या टोकाची काडी संबळावर पडून पुन्हा निघालेली असे. फोटोत मनगटाच्या पुढे नुसता धूर.

मागे साथीदार तुणतुणं धरून. परशुरामाने बेटासुराचं मुंडकं कापून, त्याला तार लावून, ते रेणुकेपुढे वाजवलं आणि त्यातून तुणतुणं जन्मलं, अशी कथा सांगतात. तार एकच. माझ्या फोटोत मात्र ती मधोमध फुगून चातीसारखी दिसत होती. मी ते चित्र मोठं करून बराच वेळ बघत बसलो, तेवढ्यात आख्यानातला एक अख्खा राक्षस मरून गेला.

पहाटे आरती झाली आणि डबा निघाला. बिस्किटांचा, पत्र्याचा. त्यावर नातीने भाकरीच्या खात्याचा क्यूआर कोड चिकटपट्टीने चिकटवलेला. “देवीला घाई न्हाई,” नाना म्हणाले, “ती सकाळपतूर थांबंल. व्हरांड्यातल्याला भूक थांबवता येती का? बोला!” मांडव हसला आणि हात खिशात गेले. लोकांना असेच प्रश्न विचारत, हसवत, झापत गाडगेबाबांनी कीर्तनातून पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. १९५६ साली ते गेले. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचाराला येणारे पेशंट आजही नातलगांसह राहतात. गाडगेबाबांनी करुण चेहरा केल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

वराच्या मामांनी डब्यात अकरा रुपये टाकले आणि टाकताना फोटो हवा म्हणाले. काढला. मग नाना माझ्याकडे वळले. “फोटोवालं, तुमचं दोन्ही हात गुतल्यालं दिसत्यात.” मी ओशाळून एक हात सोडवला, नोट टाकली. त्यावर नाना खदखदून हसले, काडी वर गेली, आणि मी उरलेल्या हाताने कसंबसं बटण दाबलं.

घरी येऊन पाहिलं. आपोआप फोकस करणारा कॅमेरा काळ्या-पांढऱ्याचा ठळक फरक शोधतो, आणि त्या मांडवात क्यूआर कोडाइतकं काळंपांढरं दुसरं काही नव्हतं. कोडाचा चौकोन न् चौकोन मोजून घ्यावा असा स्पष्ट. मागे नाना : थोडी कवड्यांची चमक, उघडं तोंड, हवेत विरघळलेली काडी. मी फोटो पुसून टाकणार होतो. मित्राने तोच घेतला.

आठ बाय चारचा फ्लेक्स एसटी स्टँडजवळ लागला. तिसऱ्या दिवशी मित्राचा फोन : खात्यात अनोळखी लोकांचे वीस, पन्नास, एकशे एक असे येतायत. लोक गाडीची वाट बघताना फ्लेक्सपुढे मोबाइल धरत होते, आणि फोटोतला कोड चालत होता!

नातीने नानांना स्टँडवर नेऊन फ्लेक्स दाखवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“डबा झ्याक आलाय. माझं त्वांड कुठं गेलं?”

“नाना, तुम्ही हललात.”

“मग? वाजवत हुतो की.”