पासवर्ड सांभाळण्याची स्वारगेट पद्धत

स्वारगेटला जेधे चौकाच्या आसपास करसल्लागारांची जी जिना चढून जायची ऑफिसं आहेत, त्यांतल्या एकात मी बारा वर्षं काढली. त्या पुण्याईवर हे मार्गदर्शन.

पासवर्ड कसा असावा? दुकानाचं नाव, पुढे ॲट, पुढे १२३. मार्केट यार्डातल्या साठ व्यापाऱ्यांना हाच साचा लावावा, म्हणजे एक फुटला की उरलेले एकोणसाठ शोधायला चोरालाही त्रास नको. सगळे एका एक्सेल शीटमध्ये लिहून ती ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावी. शीटला कुलूप हवंच. त्याचा पासवर्ड ग्रुपच्या नावाखाली लिहावा.

प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांचे डिजिटल सहीचे डोंगल फराळाच्या रिकाम्या डब्यात ठेवावेत. प्रत्येकाला चिकटपट्टी गुंडाळून तीवर बॉलपेनने नाव आणि पिन. मे महिन्यात चिकटपट्ट्या सुटतात, आणि मग मिरचीवाल्याची सही गुळवाल्याच्या रिटर्नवर करायची तासभर खटपट चालते. पोर्टल ऐकत नाही. त्याला घरोबा कळत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४२ सांगतं की सहीची गुप्त किल्ली ज्याची त्यानेच ताब्यात ठेवावी. कलम ६६-सी प्रमाणे दुसऱ्याची डिजिटल सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आपण लबाडीने वापरत नाही, घाईने वापरतो.

शिवाजी महाराजांच्या गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत बरोबरीच्या मानाचे असत. एकट्याला गड शत्रूच्या हाती देता येऊ नये म्हणून. व्यवस्था उत्तम. पण त्यांना वीस तारखेच्या आत जीएसटीचा थ्री-बी भरायचा नव्हता.

ओटीपी मालकाच्याच मोबाइलवर यावा. तो नेमका तेव्हा साताऱ्याच्या एसटीत, कात्रजच्या बोगद्यात असतो. बोगदा संपतो, ओटीपीही संपतो.

राहता राहिला नोकरी सोडून जाणारा पोरगा. त्याला शाल द्यावी, ग्रुपमधूनही काढावं. पासवर्ड मात्र बदलू नये, साठजणांना कोण कळवत बसणार? मागे एका वीस तारखेला शीटच कोणीतरी उडवली. संध्याकाळचे सात. शेवटी दोन वर्षांपूर्वी सोडून समोरच्या ऑफिसात गेलेल्या पोराला फोन लावला.

"तोच आहे की दादा," तो म्हणाला, "मी सकाळीच उघडून पाहिलं."